तेल कमी केलं, पण त्याच्या जागी काय आलं?

वजन उतरवायचं ठरलं की पहिली कात्री तेलावर चालते. तळण बंद, लोणी बंद, भाजी जवळजवळ बिनतेलाची. थोड्याच दिवसांत जेवण बेचव वाटू लागतं, घरातली माणसं कुरकुर करतात आणि हळूहळू सगळं पूर्ववत होतं. तेल कमी करण्याचा विचार योग्यच असतो. मात्र तेल काढलं की त्याची जागा रिकामी राहत नाही, तिथे काहीतरी येतंच, आणि ते काय असावं हे कुणी ठरवलेलं नसतं. माझ्या मते कमी तेलाचा स्वयंपाक आणि डाएटच्या बहुतेक सगळ्या पद्धती याच एका प्रश्नावर तरतात किंवा बुडतात: जे काढलं, त्याच्या जागी काय आलं?

आधी तेलावरच बोट का ठेवायचं, ते पाहू. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून शरीराला सुमारे ९ कॅलरी मिळतात. प्रथिनं आणि कर्बोदकं यांच्या एका ग्रॅममधून साधारण ४. हा हिशेब विल्बर अ‍ॅटवॉटर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडला आणि खाद्यपदार्थांच्या पाकिटांवरचे आकडे आजही बहुतांशी त्यावरच उभे असतात. म्हणजे १५ मिलीच्या मोठ्या चमच्यात जे तेल मावतं, ते सुमारे १४ ग्रॅम आणि १२० कॅलरी. तेवढ्याच कॅलरी काकडीतून मिळवायच्या तर पाऊण किलोहून जास्त काकडी खावी लागेल. काकडी खाताना पोट भरल्याचं कळतं. भाजीत विरघळून गेलेलं तेल डोळ्यांना दिसत नाही आणि पोटालाही फारसं जाणवत नाही. कॅलरी सर्वांत दाट आणि लक्षात सर्वांत कमी येणाऱ्या, म्हणून सुरुवात तिथून करणं शहाणपणाचं.

आपल्या घरात नेमकं किती तेल जातं, हे अंदाजाने सांगता येत नाही. त्यावर उपाय सोपा आहे. नवी बाटली उघडली की तिच्यावर तारीख लिहा आणि संपली की दिवस मोजा. एक लिटर तेलाचं वजन सुमारे ९२० ग्रॅम भरतं. चार माणसांना ते तीस दिवस पुरलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज पावणेआठ ग्रॅम, म्हणजे ७० कॅलरी आल्या. त्याच घरात महिन्याला तीन लिटर लागत असेल तर माणशी रोज २३ ग्रॅम, म्हणजे दोनशेहून जास्त कॅलरी. यात बाहेरचं खाणं आलेलं नाही, आणि दूध, अंडी, मांस, दाणे यांत मुळातच असलेली चरबीही नाही.

बाजाराने भरलेली जागा

चरबीविषयीची भीती कुठून आली, हे थोडं समजून घ्यायला हवं, कारण त्यात आजही उपयोगी पडणारा धडा आहे. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी १९५८ मध्ये सात देशांतल्या पुरुषांच्या आहाराचा आणि हृदयविकाराचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. संपृक्त चरबी, म्हणजे लोणी किंवा मांसातली, साध्या तापमानाला बहुधा घट्ट राहणारी चरबी, आणि हृदयविकार यांचा संबंध त्यातून पुढे आला. १९७७ मध्ये अमेरिकी सिनेटच्या जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या समितीने सांगितलं की एकूण कॅलरींपैकी ३० टक्क्यांपर्यंतच चरबी असावी, आणि त्यासोबत भाज्या, फळं, अख्खी धान्यं वाढवावीत, साखर कमी करावी.

या सल्ल्यातला पहिला भाग बाजाराने उचलला आणि बाकीचा मागे राहिला. नव्वदच्या दशकात बिनचरबीची बिस्किटं, केक, दही, ड्रेसिंग यांनी दुकानं भरली. चरबी काढल्यावर चव आणि मऊपणा टिकवण्यासाठी साखर आणि स्टार्च घातलं गेलं. पाकिटावर ‘लो-फॅट’ दिसलं की माणूस दोनाच्या ऐवजी सहा बिस्किटं निर्धास्तपणे खात होता.

पुढच्या काळात जे समजलं ते फार महत्त्वाचं आहे. संपृक्त चरबी कमी करून तिच्या जागी वनस्पती तेलांतली आणि दाण्यांतली असंपृक्त चरबी आली, तर हृदयविकाराचा धोका घटतो. त्याच जागी मैदा आणि साखर आली, तर तसा फायदा दिसत नाही. दोन्ही माणसांनी तेवढीच चरबी कमी केलेली असते, तरी परिणाम वेगळा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत रजोनिवृत्तीनंतरच्या ४८ हजारांहून जास्त स्त्रिया होत्या. त्यांतल्या एका गटाला एकूण चरबी कमी करायला सांगितलं होतं. आठेक वर्षांनंतरही त्या गटात हृदयविकार लक्षणीयरीत्या कमी झालेला दिसला नाही. चरबीचा नुसता आकडा खाली आणला की काम झालं, ही समजूत तिथे टिकली नाही.

आज जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा: प्रौढांच्या एकूण कॅलरींपैकी चरबी ३० टक्क्यांपर्यंत, संपृक्त चरबी १० टक्क्यांपर्यंत आणि ट्रान्स फॅट (मुख्यतः तेल कृत्रिमरीत्या घट्ट करताना तयार होणारी चरबी) १ टक्क्यापर्यंत. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी ३० टक्के म्हणजे सुमारे ६७ ग्रॅम, सगळी धरून. ही कमाल मर्यादा झाली, पण शून्यही धोक्याचं आहे. लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन मेदाम्लं शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती खाण्यातूनच यावी लागतात. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं शोषली जायला चरबी लागते. सॅलडवरच्या प्रयोगांत असं दिसलं आहे की बिनचरबीच्या ड्रेसिंगसोबत खाल्लेल्या भाज्यांतली कॅरोटिन्ससारखी द्रव्यं शरीरात जवळजवळ शोषलीच गेली नाहीत. गाजर-टोमॅटोची कोशिंबीर मूठभर दाण्यांसोबत किंवा अंड्यासोबत खाल्ली तर तिचं चीज होतं.

कढईत तेल करतं तरी काय?

मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते इथे. तेल कमी करायचं तर ते कुठली कामं करत होतं हे माहीत हवं, म्हणजे ती कामं दुसऱ्या कुणाकडून तरी करून घेता येतात.

पहिलं काम उष्णतेचं. पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसच्या वर तापत नाही, तेल १८० अंशांपर्यंत सहज जातं. पदार्थाला खरपूस तांबूस रंग आणि भाजल्याचा वास येतो तो प्रथिनं आणि साखर यांच्यातल्या एका रासायनिक क्रियेमुळे. लुई कामीय मेलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. ही क्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे जोरात चालते. म्हणून नुसत्या उकडलेल्या भाजीला ती चव कधीच येत नाही, आणि म्हणूनच ‘उकडून खा’ हा सल्ला लोक फार दिवस पाळू शकत नाहीत. पण या क्रियेला तेल लागतंच असं नाही, कोरडी उष्णता लागते. भाजीचे तुकडे फडक्याने नीट कोरडे करा, छोटा चमचाभर तेल हाताने चोळून सगळीकडे लावा आणि तापलेल्या ओव्हनमध्ये किंवा जाड तव्यावर एका थरात, मोकळे पसरून भाजा. गर्दी केली की तुकड्यांतून निघालेली वाफ तिथेच कोंडते आणि भाजायच्या ऐवजी भाजी शिजते. बाटलीतून धार सोडण्यापेक्षा हाताने चोळलं तर तेल कितीतरी कमी लागतं.

कांद्याचंही तसंच. जाड बुडाच्या भांड्यात छोटा चमचा तेल, त्यात कांदा आणि चिमूटभर मीठ, वर झाकण, आच मंद. मिठामुळे कांद्याला पाणी सुटतं आणि तो स्वतःच्याच पाण्यात मऊ होतो. मग झाकण काढून पाणी आटू द्या. बुडाला तांबूस थर धरू लागला की दोन चमचे पाणी घालून तो खरवडा, म्हणजे त्याची सगळी चव कांद्यात उतरते. असं तीन-चार वेळा केलं की छान गडद कांदा तयार होतो. वीस-पंचवीस मिनिटं मात्र द्यावी लागतात. वाचवलेल्या तेलाच्या जागी इथे वेळ येतो, आणि हा सौदा मला चांगला वाटतो, कारण असा कांदा एकदम बराच करून फ्रीजमध्ये ठेवता येतो.

दुसरं काम सुगंधाचं. मसाल्यांतली बरीचशी सुवासिक द्रव्यं पाण्यात नीट विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. म्हणून मी तेल पूर्ण बंद करा असं कधीच म्हणणार नाही. चार माणसांच्या भाजीला दोन छोटे चमचे तेल पुरतं. ते सुरुवातीला कांद्यात मुरवून टाकण्याऐवजी त्यात मसाला परतून शेवटी वरून घातलं तर वास ताजा राहतो आणि तेवढंच तेल जास्त जाणवतं. मसाले कोरडे भाजून ताजे कुटले तरी बराच फरक पडतो. लिंबू, व्हिनेगर किंवा टोमॅटोचा आंबटपणा, शेवटी घातलेला ताजा पाला, नीट परतून तांबूस केलेले मशरूम, यांनी चवीला जी खोली येते ती एरवी तेलाकडून मागितली जाते. एकच सावधगिरी हवी: तेल घटलं की हात नकळत मिठाकडे वळतो. मिठाची मर्यादा प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट छोट्या चमच्याहून कमी. तेलाच्या जागी मीठ आलं तर रक्तदाबाच्या रूपाने किंमत मोजावी लागते.

तिसरं काम दाटपणाचं आणि मऊपणाचं. क्रीम घालून जो दाट, रेशमी रस्सा होतो, तो शिजवून वाटलेली डाळ, उकडलेला बटाटा किंवा फुलकोबी घालूनही होतो. काजूची पेस्ट मात्र यात मोडत नाही, काजूत चाळीस टक्क्यांहून जास्त चरबी असते. दही घालायचं असेल तर कमी चरबीचं दही लवकर फाटतं, हे लक्षात घ्या. त्यात आधी थोडं पीठ किंवा कॉर्नस्टार्च फेटून घ्यावं, आच अगदी मंद करावी आणि घातल्यावर उकळी येऊ देऊ नये. स्टार्चमुळे दह्यातली प्रथिनं एकमेकांना घट्ट चिकटत नाहीत. केकमध्ये चरबी पिठातल्या ग्लुटेन या चिवट प्रथिनाला लांब जाळं विणू देत नाही, म्हणून तो भुसभुशीत होतो. तिथे अर्धी चरबी काढून सफरचंदाचा किंवा पिकलेल्या केळ्याचा गर घातला तर चालतं. सगळी काढली तर केक रबरासारखा होतो.

तळणाबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. पदार्थ तेलात असताना त्याच्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर येत असतं आणि ती वाफ तेलाला आत फारसं येऊ देत नाही. बरंचसं तेल आत शिरतं ते पदार्थ बाहेर काढल्यावर. तो निवू लागतो, आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून तळलेला पदार्थ कढईवरच नीट झटकून लगेच, गरम असतानाच टिपून घ्यावा. थंड झाल्यावर कागदावर ठेवून फार काही साधत नाही. आकाराचाही मोठा परिणाम होतो. उकडलेल्या बटाट्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ८७ कॅलरी असतात, तळलेल्या फ्राइजमध्ये सुमारे ३१०, आणि पातळ चिप्समध्ये ५३० च्या पुढे. पातळ काप म्हणजे तेल धरायला जास्त पृष्ठभाग, शिवाय पाणी जवळजवळ सगळं उडालेलं.

वांगं हा वेगळाच प्रकार आहे. त्याच्या गरात हवेचे कप्पे असतात आणि कितीही तेल घातलं तरी ते पितं. परतण्याआधी फोडी वाफवून घेतल्या की हे कप्पे बसतात आणि मग चमचाभर तेलात काम होतं.

पाकिटावरचे टक्के

दुधाच्या पिशवीवर किंवा बाटलीवर ‘२ टक्के फॅट’ लिहिलेलं असतं ते वजनाच्या हिशेबाने. दुधात मुख्यतः पाणी असल्याने हा आकडा छोटा दिसतो. कॅलरींच्या हिशेबाने पाहिलं तर त्याच दुधातल्या जवळपास एक-तृतीयांश कॅलरी चरबीच्या असतात, आणि सायीसकट दुधात जवळपास निम्म्या. दूध वाईट आहे असा याचा अर्थ नाही. ‘९८ टक्के फॅट-फ्री’ या शब्दांनी आपलं किती समाधान करून घ्यायचं, एवढंच यातून ठरवायचं. तेलाच्या फवाऱ्याच्या डब्यांचंही असंच. अमेरिकेत एका वेळच्या मापात अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी चरबी असेल तर शून्य लिहायला परवानगी आहे, आणि त्या डब्यांवर ‘एक वेळचं माप’ म्हणजे सेकंदाचा छोटा अंश असतो. तवाभर फवारलं की शून्य राहत नाही. फवारा उपयोगी आहे, पण तेही तेलच आहे.

मग कुठलं डाएट?

गर्दी इथे फार आहे. कर्बोदकं कमी करणाऱ्या पद्धती नव्या वाटतात, पण लंडनच्या विल्यम बँटिंग यांनी १८६३ मध्येच ब्रेड, साखर, बटाटे सोडून वजन उतरवल्याचं छापून प्रसिद्ध केलं होतं. कीटो आहार, म्हणजे कर्बोदकं अगदी कमी आणि चरबी भरपूर, १९२१ मध्ये मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी मांडला तो अपस्माराच्या रुग्णांसाठी, वजनासाठी नाही. दुसऱ्या टोकाला अमेरिकी डॉक्टर डीन ऑर्निश यांचा जेमतेम १० टक्के चरबीचा, शाकाहारी आहार आहे. तो हृदयरुग्णांसाठी आखलेला होता, आणि त्याच्या जोडीला व्यायाम, धूम्रपानबंदी, ताण कमी करण्याचं प्रशिक्षण असं बरंच काही होतं. त्यातला एकटा आहार उचलून ‘यानेच फरक पडला’ असं म्हणता येत नाही.

कर्बोदकं एकदम बंद केली की पहिल्याच आठवड्यात काटा झपकन खाली येतो, आणि लोकांना वाटतं की सापडलं. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो, आणि त्याच्या एका ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. साठा संपला की पाणीही जातं. पुन्हा नेहमीचं जेवण सुरू झालं की तेही परत येतं. शरीरातली चरबी इतक्या वेगाने वितळत नाही.

लो-फॅट की लो-कार्ब, या वादावर सर्वांत समाधानकारक उत्तर मला २०१८ च्या स्टॅनफर्डच्या चाचणीत मिळतं. क्रिस्टोफर गार्डनर यांच्या गटाने ६०९ प्रौढांना वर्षभर दोन गटांत ठेवलं. लो-फॅट गटाचं वजन सरासरी ५.३ किलो घटलं, लो-कार्ब गटाचं ६ किलो. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने गणण्याजोगा नव्हता. दोन्ही गटांना एक सूचना समान होती: साखर आणि मैदा शक्य तितका टाळा, भाज्या भरपूर खा, शक्य तेवढं घरी शिजवा. म्हणजे काढलेल्याच्या जागी काय यावं, हे दोघांनाही सारखंच सांगितलं होतं. प्रत्येक गटाच्या आतली तफावत मात्र प्रचंड होती. कुणी वीस किलोंहून जास्त घटवलं, कुणाचं वजन उलट वाढलं. शेजाऱ्याला जे लागू पडलं ते मला का नाही, असं वाटून स्वतःला दोष देणाऱ्यांनी हे आवर्जून ध्यानात ठेवावं.

ठरावीक तासांतच जेवण्याचंही असंच आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधल्या चाचणीत दोन्ही गटांना सारख्याच कमी कॅलरी दिल्या, एका गटाला फक्त सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेत. वर्षाअखेर दोघांच्या वजनातला फरक नगण्य निघाला. रात्री उशिरा चरत राहण्याची सवय असेल तर घड्याळ लावून घेणं उपयोगी पडतं, कारण ते खाणं आपोआप वगळलं जातं. ती सवय नसेल तर वेगळा लाभ अपेक्षित धरू नये.

घरच्या स्वयंपाकाच्या बाजूने सर्वांत ठोस पुरावा अमेरिकी संशोधक केव्हिन हॉल यांच्या २०१९ च्या प्रयोगात आहे. वीस माणसांना संशोधन रुग्णालयात ठेवून दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साध्या पदार्थांपासून शिजवलेलं. दोन्हीत चरबी, साखर, मीठ, फायबर जुळवलेलं होतं आणि हवं तेवढं खायची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. शिजवलेलं अन्न चावायला वेळ लागतो, त्यात पाणी जास्त असतं, पोट लवकर भरतं. १९९५ मध्ये सिडनीत सुझॅना होल्ट यांनी ३८ पदार्थ समान कॅलरीत खायला देऊन कुणामुळे किती तृप्ती होते हे तपासलं, तेव्हा पहिला क्रमांक ज्याला सगळे घाबरतात त्या उकडलेल्या बटाट्याचा आला, आणि शेवटचा लोणी-मैद्याच्या क्रोसाँचा. ताटातून तेल काढून त्या जागी डाळी, भाज्या, बटाटा, अंडं किंवा मासा वाढवणारा माणूस उपाशी राहत नाही. बिस्किटं वाढवणारा राहतो.

हे सगळं प्रौढांसाठी आहे. दोन वर्षांखालच्या मुलांची चरबी कमी करायची नाही, त्यांच्या मेंदूच्या वाढीला ती लागते. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, मधुमेहाची औषधं घेणारे, वजन आधीच कमी असलेले वृद्ध यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय आहार बदलू नये. निरोगी माणसानेही फार झपाट्याने वजन उतरवताना चरबी अगदी बंद करू नये. पित्ताशय रिकामं व्हायला जेवणात थोडी चरबी लागते. ती मिळाली नाही तर पित्त साचून राहतं आणि खडे होण्याचा धोका वाढतो.